पुरेसे म्हणजे किती? – पोटाच्या डायलिसिसच्या मोजमापाची कहाणी

डायबेटिस आणि ब्लडप्रेशर ह्या दोन शब्दांची ओळख आपल्या मंडळातील घरांना नव्याने करून द्यायला नको. ह्या दोन आजारांनी मूत्रपिंडे वर्षानुवर्षे हळूहळू झिजत जातात, आणि काही घरांत एक दिवस डायलिसिसचा विषय निघतो. डायलिसिस म्हटले की हॉस्पिटलातले यंत्र, हातातल्या जाड सुया आणि आठवड्याच्या तीन फेऱ्या असे चित्र डोळ्यांपुढे येते. पण ह्याचा दुसराही एक प्रकार आहे. पोटात एका मऊ नळीवाटे द्रव भरायचा, काही तास ठेवायचा आणि काढून टाकायचा. हे घरच्या घरी, स्वतःच्या हाताने करता येते. ह्याला पेरिटोनियल डायलिसिस म्हणतात. आपण सोयीसाठी पोटाचे डायलिसिस म्हणू.

ह्या रुग्णांना दर काही महिन्यांनी चोवीस तासांत पोटातून निघालेला सगळा द्रव आणि लघवी गोळा करून तपासणीला द्यावी लागते. त्यातून एक आकडा निघतो, त्याचे नाव केटी/व्ही. कोणाचा १.६ येतो, कोणाचा २.१. मग मुलाचे प्रगतिपुस्तक पाहावे तसे सगळे घर तो आकडा पाहते. हल्ली तर इथला मुलगा पुण्या-नाशिकच्या वडिलांचा रिपोर्ट फोनवर मागवून घेतो आणि 'तिकडचे डॉक्टर आकडा इतका कमी कसा चालवून घेतात' म्हणून रात्रभर तळमळतो. हा आकडा आला कुठून, तो कोणी ठरवला आणि त्यावर किती विसंबावे, हे सांगण्यासाठी हा लेख. आमचा विषय रसायनशास्त्र, वैद्यक नव्हे. पण ह्या कहाणीत रसायनशास्त्रज्ञ आणि इंजिनियर पावलोपावली भेटतात, म्हणून हे धाडस करीत आहोत.

पडद्याची गोष्ट

'डायलिसिस' हा शब्द रसायनशास्त्रात रूढ केला तो टॉमस ग्रॅहम ह्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने, १८६१ साली. कॉलेजात वायूंच्या विसरणाचा ग्रॅहमचा नियम ज्यांनी घोकला असेल, त्यांचा हाच तो ग्रॅहम. त्याने एका कड्यावर पार्चमेंट कागद ताणून बसवला, त्यात द्रव ओतला आणि ते कडे पाण्यावर तरंगत ठेवले. साखर, मीठ ह्यांसारखे छोटे रेणू कागदातून पार होऊन पाण्यात उतरले. डिंक, सरस ह्यांसारखे मोठे रेणू आतच राहिले. लघवीवर हाच प्रयोग करून त्याने त्यातला यूरिया वेगळा करून दाखवला. हे गाळणे नव्हे. चक्क्यासाठी दही पंच्यात बांधले की पाणी वजनाने खाली गळते, ते गाळणे. डायलिसिसमध्ये रेणू आपण होऊन, जिथे दाटी आहे तिथून जिथे मोकळीक आहे तिकडे जातात. टी-बॅग गरम पाण्यात सोडल्यावर चहा उतरतो, त्याच्या जवळचा हा प्रकार.

असा पडदा आपल्या प्रत्येकाच्या पोटात निसर्गाने बसवून ठेवलेला आहे. आतडी आणि पोटाची आतली भिंत ह्यांवर एक पातळ ओलसर अस्तर असते, त्याला पेरिटोनियम म्हणतात. पूर्ण पसरले तर त्याचे क्षेत्रफळ एक ते दोन चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ अंगावरच्या कातडीइतके भरते. त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. १८७७ साली जर्मनीत वेग्नर ह्याने सशांच्या पोटात साखरेचा दाट द्राव सोडला तेव्हा पोटातील पाणी कमी होण्याऐवजी वाढले. साखरेने रक्तातले पाणी ओढून घेतले होते. आज डायलिसिसच्या पिशवीत ग्लुकोज घालतात ते ह्याच कारणासाठी. १९२३ साली अमेरिकेत ट्रेसी पटनम ह्याने जिवंत पेरिटोनियम हा डायलिसिसचा पडदा म्हणून कसा वागतो ह्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जर्मनीत वुर्झबुर्ग येथे गेओर्ग गांटर ह्याने मूत्रपिंडाच्या विकारावर हा उपाय आधी गिनिपिगवर आणि नंतर माणसावर करून पाहिला.

पुढची वीस-पंचवीस वर्षे प्रयत्न होत राहिले, पण पोटात जंतुसंसर्ग होऊन रुग्ण दगावत. १९४६ साली बॉस्टनमध्ये फाइन, फ्रँक आणि सेलिगमन ह्या तिघांनी, मूत्रपिंडे तात्पुरती बंद पडलेल्या रुग्णाला ह्या मार्गाने वाचवल्याचे प्रसिद्ध केले. १९५९ साली लॉस एंजेलिसच्या मॉर्टन मॅक्सवेल ह्यांनी तयार बाटल्या आणि एकच नळी वापरून कृती सुटसुटीत केली. १९६८ साली सिअ‍ॅटलच्या हेन्री टेंकहॉफ ह्यांनी सिलिकोनची मऊ नळी काढली. तिच्याभोवती डॅक्रॉनच्या पट्ट्या असतात. त्यांत शरीराचा मांसल भाग वाढून नळी पक्की बसते आणि जंतूंची वाट अडते. आजही ह्याच नळीचे प्रकार वापरात आहेत.

ऑस्टिनचे गणित

तोपर्यंत हे डायलिसिस रुग्णाला तासन् तास पलंगावर ठेवून, लिटरमागून लिटर द्रव भराभर आत-बाहेर करून चाले. १९७५ च्या सुमारास टेक्सासमधील ऑस्टिन येथे रॉबर्ट पोपोविच हे केमिकल इंजिनियर आणि जॅक मॉनक्रीफ हे डॉक्टर एकत्र आले. एका रुग्णाला यंत्राचे डायलिसिस करणे अशक्य झाले होते. पोपोविचनी इंजिनियरच्या पद्धतीने विचार केला. घाई कशाला करायची? द्रव पोटात चार-पाच तास राहू दिला तर त्यातला यूरिया रक्तातल्या यूरियाइतकाच होतो, म्हणजे बाहेर पडणारा प्रत्येक लिटर पूर्ण भरून जातो. मग दिवसाला किती लिटर लागतील, एवढाच प्रश्न उरतो.

हे गणित शाळेतल्या पाण्याच्या टाकीच्या गणितासारखे आहे. जेवढे आत येते तेवढेच बाहेर गेले तर पातळी स्थिर राहते. समजा दोन-दोन लिटर पाच वेळा भरले आणि साखरेने ओढलेले दोन लिटर पाणी धरून दिवसाला बारा लिटर बाहेर आले. रक्तातल्या यूरियामधील नायट्रोजनची पातळी दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरमागे ०.७ ग्रॅम धरू. बारा लिटरबरोबर ८.४ ग्रॅम नायट्रोजन बाहेर जाईल. प्रथिनांचा साधारण सहावा हिस्सा नायट्रोजन असतो, तेव्हा हा सुमारे ५० ग्रॅम प्रथिनांचा हिशेब झाला. माणूस त्या बेताने जेवला तर पातळी आहे तिथेच राहील. यंत्राविना, दिवसभर हिंडता-फिरता करण्याजोगे डायलिसिस कागदावर तरी जमले!

१९७६ साली ह्या कल्पनेचा गोषवारा कृत्रिम अवयवांच्या एका अमेरिकन परिषदेकडे पाठवला गेला तेव्हा तो नाकारण्यात आला. पण मिसुरी विद्यापीठातील कार्ल नोल्फ ह्यांची साथ मिळाली आणि १९७८ साली ह्या सर्वांनी मिळून आपले अनुभव प्रसिद्ध केले. दरम्यान १९७७ साली टोरांटोच्या दिमित्रिओस ओरिओपुलोस ह्यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरायला सुरुवात केली. द्रव आत गेला की रिकामी पिशवी गुंडाळून कपड्याखाली ठेवायची, आणि त्याच पिशवीत निचरा करायचा. नळी वारंवार जोडावी-सोडावी लागत नसल्याने जंतुसंसर्ग बराच कमी झाला. हेच ते सीएपीडी. भारतात ते १९९१ साली सुरू झाले.

पद्धत सुरू झाली, ती जगभर पसरली, आणि मग खरा प्रश्न पुढे आला. कागदावर यूरियाची पातळी स्थिर राहते हे खरे; पण तेवढ्याने माणूस नीट जगतो का? पुरेसे म्हणजे किती?

आकडा कसा जन्मला

शरीरातली घाण मोजायची कशी, ह्याचा पाया १९२० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये घातला गेला. डोनाल्ड व्हॅन स्लाइक हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'क्लिअरन्स' ही कल्पना मांडली. मूत्रपिंडाने किती ग्रॅम यूरिया टाकला हे न विचारता, किती रक्त यूरियापासून पूर्ण स्वच्छ झाल्यासारखे आहे, हे विचारायचे. क्लिअरन्सचे माप म्हणूनच मिलिलिटर किंवा लिटरमध्ये असते.

यंत्राच्या डायलिसिससाठी अमेरिकेत एक मोठी सहकारी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष १९८१ साली आले. त्या पाहणीच्या आकड्यांचा १९८५ साली फ्रँक गॉच आणि जॉन सार्जंट ह्यांनी पुन्हा अभ्यास केला आणि केटी/व्ही रूढ झाला. के म्हणजे क्लिअरन्स, टी म्हणजे वेळ, व्ही म्हणजे शरीरातील एकूण पाणी. के आणि टी ह्यांचा गुणाकार म्हणजे एकूण किती लिटर पाणी धुतले गेले. त्याला व्हीने भागले की शरीरातील सगळे पाणी किती वेळा धुऊन निघाले ते कळते. पोटाच्या डायलिसिसमध्ये हा हिशेब आठवड्याचा करतात.

एक उदाहरण सोडवू. साठ किलोचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या शरीरात सुमारे ३६ लिटर पाणी धरू. ते रोज दोन लिटरच्या चार पिशव्या करतात आणि एक लिटर जास्तीचे पाणी निघते, म्हणजे नऊ लिटर निचरा. त्यातला यूरिया रक्ताच्या ९५ टक्के भरतो असे मानले तर रोज साधारण साडेआठ लिटर आणि आठवड्याला सुमारे ६० लिटर क्लिअरन्स झाला. ६० भागिले ३६, म्हणजे १.७ च्या आसपास. त्यांची स्वतःची मूत्रपिंडे अजून मिनिटाला दोन मिलिलिटर एवढे जरी काम करीत असतील, तरी आठवड्याला आणखी २० लिटर होतात आणि आकडा २.२ वर जातो. त्याच चार पिशव्या ४८ लिटर पाणी असलेल्या ८० किलोच्या माणसाला १.२५ देतील, आणि २५ लिटर पाणी असलेल्या ४५ किलोच्या आजींना २.४. म्हणून शेजारच्यांना चार पिशव्या पुरतात तर आम्हाला का नाही, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

आता कोणी विचारेल, यंत्रावर तर एका वेळचाच केटी/व्ही किमान १.२ मागतात, तीन वेळचे ३.६ झाले. मग पोटाला १.७ कसे चालते? ह्याचे उत्तर घरच्या केरात आहे. यंत्राचे डायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीनदा केलेली झाडझूड. पहिले झाडू मारताना खूप केर निघतो, शेवटी शेवटी तेवढ्याच कष्टात फारसे काही हाती लागत नाही, आणि मधल्या दिवसांत केर पुन्हा साठतो. पोटाचे डायलिसिस म्हणजे चोवीस तास चाललेले झाडणे. पातळी एकसारखी राहते, म्हणून प्रत्येक लिटर सारखाच उपयोगी पडतो. दोन्हींचे आकडे एकमेकांशेजारी मांडून तुलना करणे म्हणूनच बरोबर नाही.

प्रत्येकाचे अस्तर निराळे

१९८७ साली मिसुरीमध्येच काम करणारे पोलिश डॉक्टर झ्बिल्युट त्वार्दोव्स्की ह्यांनी एक साधी चाचणी बसवून दिली. अडीच टक्के डेक्स्ट्रोजचा दोन लिटर द्रव पोटात चार तास ठेवायचा आणि शेवटी त्यातले क्रिएटिनीन रक्तातल्या क्रिएटिनीनच्या कितव्या हिश्शाला पोचले ते पाहायचे. हे गुणोत्तर ०.८१ च्या वर असेल तर अस्तर 'जलद', ०.५० च्या खाली असेल तर 'मंद', आणि मधल्यांचे ०.६५ ला दोन भाग. यूरियाच्या रेणूचे वजन ६० आणि क्रिएटिनीनचे ११३. क्रिएटिनीन थोडे मोठे, म्हणून थोडे सावकाश येते आणि अस्तरांतला फरक अधिक स्पष्ट दाखवते.

जलद अस्तर म्हणजे भाग्यच, असे कोणालाही वाटेल. सुरुवातीला तसेच वाटतही होते. पण अस्तर जसे घाण पटकन बाहेर सोडते, तसेच पिशवीतली साखरही पटकन रक्तात ओढून घेते. साखर संपली की पाणी ओढण्याचा जोर संपतो आणि अंगात पाणी साठते. अशांनी पिशवी कमी वेळ ठेवून लवकर बदलावी, रात्री यंत्राच्या मदतीने भराभर बदल करावे. मंद अस्तरवाल्यांनी जास्त वेळ ठेवावी. एकाच औषधाची मात्रा सर्वांना सारखी नसते, हे आपल्या वैद्यांनाही माहीत होते. इथे ते मोजता येऊ लागले, एवढेच.

इथे रसायनशाळेतली एक गंमत सांगण्याजोगी आहे. क्रिएटिनीन मोजण्याची जुनी रीत माक्स याफे ह्यांनी १८८६ साली दाखवलेल्या रंगाच्या अभिक्रियेवर आधारलेली आहे. पिक्रिक अ‍ॅसिडाबरोबर नारिंगी-लाल रंग येतो. पण पिशवीतल्या भरपूर ग्लुकोजनेही त्या रंगात भर पडते आणि क्रिएटिनीन आहे त्याहून जास्त दिसते. म्हणून ह्या रीतीने मोजताना लॅबला दुरुस्ती करावी लागते. आकडा यंत्राने छापून दिला म्हणजे तो आकाशवाणी ठरत नाही, हे आम्ही आमच्या व्यवसायात रोज पाहतो.

दोनच्या आकड्याचे राज्य

१९९६ साली कॅनडा आणि अमेरिका ह्या दोन देशांतील ६८० रुग्णांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. देशांच्या नावांवरून ही पाहणी 'कॅनुसा' म्हणून ओळखली जाते. आठवड्याच्या केटी/व्हीमध्ये ०.१ ची वाढ म्हणजे मृत्यूच्या धोक्यात पाच टक्के घट, असे तिच्यात दिसले. म्हणजे जितके जास्त तितके चांगले! १९९७ साली अमेरिकेत मार्गदर्शक नियम निघाले आणि सीएपीडीसाठी आठवड्याला किमान केटी/व्ही २.० आणि क्रिएटिनीनचा क्लिअरन्स ६० लिटर असे ठरवले गेले.

ह्याचा परिणाम घराघरांत झाला. दोन लिटरच्या जागी अडीच, तीन लिटर द्रव भरणे, चौथ्याच्या जागी पाचवी पिशवी, रात्रीच्या यंत्रावर दिवसाची जादा पिशवी. पोट तट्ट फुगलेले, भूक मेलेली, कंबर दुखते आहे, पण आकडा गाठायचा. आकडा गाठता आला नाही तर यंत्राकडे चला. अमेरिकेत त्या काळात पोटाच्या डायलिसिसवरील रुग्णांचे प्रमाण उतरत गेले. त्याला अनेक कारणे होती, त्यांत हेही एक धरले जाते.

पण कॅनुसात एक मेख होती. त्या पाहणीत मोजलेला आकडा दोन गोष्टींची बेरीज होता: पिशव्यांनी केलेले काम, आणि रुग्णाच्या स्वतःच्या मूत्रपिंडांत उरलेले काम. पिशव्या साधारण सारख्याच राहिल्या होत्या; काळानुसार खाली गेले ते मूत्रपिंडांचे काम. रुपया आणि डॉलर एकाच पाकिटात घालून नोटा मोजाव्यात, तसे झाले. २००१ साली जोआन बार्गमन आणि सहकाऱ्यांनी त्याच आकड्यांची पुन्हा छाननी केली. फायदा दिसत होता तो सगळा उरलेल्या मूत्रपिंडाचा होता. पिशव्यांच्या कामाच्या कमीजास्तपणाचा परिणाम दिसला नाही. रोजच्या लघवीत पाव लिटरची वाढ असेल तर मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी कमी आढळला.

असे का व्हावे? रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिले तर नवल वाटत नाही. यूरिया हा छोटा, पाण्यात सहज फिरणारा रेणू; म्हणून तो मोजायला सोपा. पण रक्तात साठणाऱ्या घाणीत ११,८०० वजनाच्या बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनसारखे मोठे रेणू असतात, आणि प्रथिनांना चिकटून बसलेलेही असतात. ते पोटाच्या अस्तरातून फारसे येत नाहीत. जिवंत मूत्रपिंड, थोडे का उरलेले असेना, ते बाहेर काढते. शिवाय ते मीठ आणि पाणी टाकते. पिशवीचा लिटर आणि मूत्रपिंडाचा लिटर यूरियाच्या हिशेबात सारखे. शरीराच्या हिशेबात नाहीत.

मेक्सिको आणि हाँगकाँगचा निकाल

शंका असेल तर प्रयोग करावा. मेक्सिकोत पोटाचे डायलिसिस फार मोठ्या प्रमाणावर होते. तिथे ९६५ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला नेहमीच्या दोन-दोन लिटरच्या चार पिशव्या, दुसऱ्याला क्लिअरन्स ६० लिटरवर नेण्यासाठी वाढवलेले डायलिसिस. २००२ साली निकाल आला. दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ६८.३ टक्के, दुसऱ्यात ६९.३ टक्के. म्हणजे फरक नाही. मात्र शरीरात विषारी द्रव्ये साठल्याच्या त्रासामुळे पाहणी सोडणारे पहिल्या गटात जास्त होते, हेही सांगायला हवे.

२००३ साली हाँगकाँगचा निकाल आला. तिथे १९८५ पासून 'आधी पोटाचे डायलिसिस' हेच सरकारी धोरण आहे. माणसे अंगाने लहान, आणि दिवसाला तीन पिशव्यांवर अनेकांचे भागते. तिथे ३२० रुग्णांचे तीन गट केले: केटी/व्ही १.५ ते १.७, १.७ ते २.०, आणि २.० च्या वर. जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. सर्वांत खालच्या गटात रक्ताची कमतरता जास्त दिसली. त्याच वर्षी युरोपातील, लघवी पूर्ण बंद झालेल्या १७७ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात क्लिअरन्सपेक्षा दिवसाला किती पाणी बाहेर काढले जाते, ह्याला महत्त्व दिसले. सुरुवातीला ७५० मिलिलिटरपेक्षा कमी पाणी निघणाऱ्यांची स्थिती वाईट झाली.

२००६ साली पेरिटोनियल डायलिसिसच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आणि अमेरिकन नियमांनीही, किमान आकडा १.७ वर आणला. २.० चे राज्य नऊ वर्षे टिकले. २०२० साली त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेने आणखी पुढचे पाऊल टाकले. एका आकड्याच्या मागे न धावता रुग्णाला काय हवे आहे, त्याला कसे वाटते, पाणी आणि रक्तदाब आटोक्यात आहे का, पोषण कसे आहे, उरलेले मूत्रपिंड जपले जात आहे का, हे सगळे मिळून उपचाराचा दर्जा ठरवावा, असे तिने सांगितले. केटी/व्ही राहिला, पण अनेकांतला एक म्हणून.

आपल्या घरांसाठी

ह्या इतिहासातून आम्हाला जे उमगले ते थोडक्यात मांडतो. उपचारात बदल मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करावा.

पहिली गोष्ट, आकडा वाचताना त्याचे दोन भाग विचारावेत: पिशव्यांचा किती आणि मूत्रपिंडांचा किती. वडिलांचा आकडा २.२ वरून १.७ वर आला तर पिशव्यांत खोट नसून लघवी कमी झालेली असू शकते. उलट, पुण्यातल्या डॉक्टरांनी १.७ वर समाधान मानले तर ते निष्काळजी ठरत नाहीत. २००६ पासूनचा जगाचा नियमच तो आहे. अटलांटिकच्या ह्या बाजूने फोनवर भांडण्याआधी आई-वडिलांना विचारावे, भूक लागते का, झोप लागते का, पायांवर सूज आहे का, मळमळते का.

दुसरी, आकडा वाढला म्हणजे प्रकृती सुधारलीच असे नाही. भागाकारात खाली शरीराचे पाणी असते. १९८० साली वॉटसन आणि सहकाऱ्यांनी दिलेल्या सूत्राने ते उंची-वजनावरून काढतात. माणूस जेवेनासा होऊन वाळत गेला की व्ही कमी होतो आणि केटी/व्ही वर जातो. प्रगतिपुस्तकात गुण वाढत आहेत आणि मूल मात्र खंगते आहे, असा हा प्रकार. वजन आणि आहार ह्यांच्याकडे म्हणूनच आकड्याइतकेच लक्ष हवे. ह्या डायलिसिसमध्ये रोज पाच ते दहा ग्रॅम प्रथिने द्रवाबरोबर वाहून जातात. आपल्याकडे अनेक घरे शाकाहारी आहेत; वरण-भात आणि ताकावर हा तोटा भरून निघेलच असे नाही. डाळी, दूध, पनीर वाढवावे तर फॉस्फेट वाढते. म्हणून आहारतज्ज्ञाला आपण खरोखर काय खातो ते सांगावे; 'आम्ही व्हेजिटेरियन' एवढे सांगून भागत नाही. पिशवीतून रोज सुमारे १०० ते २०० ग्रॅम साखर शरीरात जाते, हे डायबेटिस असणाऱ्यांनी विसरू नये.

तिसरी, चोवीस तासांचा नमुना चोवीस तासांचाच द्यावा. एक पिशवी फेकली गेली, किंवा एका वेळची लघवी राहिली, तर सगळा हिशेब चुकतो. चुकले असेल तर सरळ सांगावे आणि पुन्हा गोळा करावे. चुकीच्या आकड्यावरून वाढवलेली पिशवी वर्षभर वाहावी लागते.

चौथी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची: उरलेले मूत्रपिंड जपावे. दिवसाला वाटीभर लघवी होत असेल तरी ती मोलाची आहे. गुडघेदुखीवरच्या गोळ्या, इथल्या दुकानातल्या असोत की भारतातून येताना बॅगेत भरून आणलेल्या, डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ह्या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. काढे आणि भस्मे ह्यांबाबतही तेच. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी फार कमी होऊ देऊ नये. स्कॅनसाठी शिरेतून औषध देणार असतील तर आपण डायलिसिसवर आहोत आणि आपल्याला लघवी होते, हे दोन्ही सांगावे.

पाचवी, आपल्याला काय करायचे आहे ते स्पष्ट सांगावे. नातीच्या लग्नाला भारतात जायचे आहे, नोकरी चालू ठेवायची आहे, रात्री यंत्र नको पण दिवसा पिशव्या चालतील, ह्या गोष्टी पूर्वी डॉक्टरांपुढे काढायला माणसे संकोचत. २०२० नंतर त्या उपचाराच्या हिशेबातच धरल्या जाऊ लागल्या आहेत. प्रवासासाठी पिशव्या मुक्कामी पोचवण्याची व्यवस्था बऱ्याच ठिकाणी होऊ शकते. त्यासाठी काही आठवडे, शक्य तर महिने आधी केंद्राला सांगावे लागते.

ग्रॅहमच्या कागदापासून आजवर दीडशेहून अधिक वर्षे गेली. यूरिया मोजता येतो म्हणून तो मोजला गेला, आणि मोजला गेला म्हणून काही काळ तोच सर्वस्व मानला गेला. तो आकडा दुरुस्त झाला तो मेक्सिको आणि हाँगकाँगच्या साध्या रुग्णांनी प्रयोगात भाग घेतला म्हणून. आपल्या मंडळात ज्या घरांत हे डायलिसिस चालू आहे त्यांनी पुढच्या तपासणीला जाताना दोन कागद न्यावेत: एकावर आकडे, आणि दुसऱ्यावर गेल्या महिन्यात भूक, झोप, सूज आणि उत्साह कसा होता त्याची नोंद. डॉक्टरांना दोन्ही दाखवावेत.